सुवार्ता समितीने नक्की करायचं काय? (मंडप, माईक आणि बाहेरचे वक्ते सोडून बोला)

मुळाकाठ
जय ख्रिस्त, नमस्कार, सलाम, ज्याला जे चालतं ते.

यंदा पास्टरेट कमिटीची (आमच्या चर्चचा कारभार बघणारी) निवडणूक झाली तेव्हा मी नेमका पुतणीच्या लग्नाला गेलो होतो. परत आलो तर मला सुवार्ता समितीचा (म्हणजे ख्रिस्ताचा निरोप बाहेरच्यांपर्यंत पोचवायचं काम) निमंत्रक करून टाकलेलं. आमची मंडळी राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यातली, मिशनच्या काळातली. दगडी चर्च, आवारात चिंचा, पडका बंगला आणि त्या बंगल्याच्या जागेची कोर्टात केस. म्हणजे इतर ठिकाणी असतं तसंच सगळं.

समितीचं वर्षाचं काम एकच: फेब्रुवारीत तीन दिवस संजीवन सभा. मंडप, खुर्च्या, साउंड, वक्त्यांचा प्रवासखर्च आणि शेवटच्या दिवशी प्रीतिभोजन. कर्णे हायवेकडे तोंड करून बांधतात, का तर जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या कानावर वचन पडावं. जाणारे-येणारे ऐंशीच्या स्पीडने जातात. खुर्च्यांवर आपलेच सभासद, तेही शेवटच्या दिवशी जास्त. मग वक्ते म्हणतात, "ज्यांना आज प्रभूचा स्वीकार करायचा आहे त्यांनी हात वर करा," आणि दरवर्षी आमच्या एक मावशी हात वर करतात. त्यांचा बाप्तिस्मा माझ्या जन्माआधी झालाय. वक्ते खूश, अहवालात "एक आत्मा".

तर विचारायचंय ते असं, की तुमच्या मंडळीत किंवा धर्मग्रामात हे काम प्रत्यक्षात कसं चालतं? मत्तय २८ ("जाऊन सर्वांना शिष्य करा") पाठ आहे, प्रवचन नको. सोमवारी सकाळी उठून काय करायचं ते सांगा. इतर धर्मीयांनीही जरूर लिहा. समोरून आम्ही कसे दिसतो हे आम्हाला कोणी तोंडावर सांगत नाही.

कंदील
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सांजवात
मावशींचा हात वाचून हसून हसून पुरती वाट. आमच्या मंडळीत काका आहेत. ते हात वर करून डोळे उघडे ठेवतात, आणखी कोणी केला का ते बघायला.

निवृत्त_पाळक
मुळाकाठ, तुमच्या भागात मी पाळक होतो, त्यामुळे बंगला आणि केस दोन्ही ओळखीचे वाटले.

हे काम तीन दिवसांच्या मंडपात कसं येऊन बसलं ते आधी बघा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ ला मुंबईत आले आणि १८३१ ला नगरला ठाणं झालं. पण खेड्यापाड्यांत हिंडले कोण? गोरे साहेब नव्हेत. हिंडले ते आपले सुवार्तिक, गावच्या शाळेचे मास्तर आणि बायबलबाया. मास्तर दिवसा पोरं शिकवायचा, रात्री कंदील लावून चावडीपलीकडच्या वस्तीत भजन करायचा. बायबलबाई घरात शिरून बाळंतिणीपाशी बसायची. ह्या लोकांना मिशनचा पगार होता, तुटपुंजा का असेना. पुढे परदेशी पैसा आटला आणि ही पदं एकेक करून बंद झाली. काम पाळकाच्या गळ्यात आलं. पाळकाला रविवारची उपासना, लग्नं, मयत, दफनभूमीची भांडणं आणि कोर्टाच्या तारखा, मग त्याने ते कमिटीवर ढकललं. कमिटीला जमण्यासारखं एकच असतं: कार्यक्रम ठेवणं.

तेव्हा वक्ते बदलून काही होणार नाही. हिंडणारी, बसणारी माणसं गेली, त्यांच्या जागी कोण येणार हे बघा.

मुळाकाठ
पाळकसाहेब, सलाम! माझे पणजोबा असेच मास्तर होते. त्यांची पेटी अजून घरी आहे, दोन सूर अडकतात.

शनिपाराजवळ
मी ख्रिस्ती नाही. बोलावलंत म्हणून लिहितो.

दोन अनुभव. माझ्या आजीचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालं. डॉ. वानलेस यांनी १८९४ ला काढलेलं ते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर आली आणि म्हणाली, "आजी, प्रार्थना केली तर चालेल का?" आजी म्हणाली, "कर की. आणि माझ्या विठ्ठलालाही सांग, म्हणावं लक्ष ठेव." सिस्टर हसली, प्रार्थना केली आणि आजीच्या पायांवरचं पांघरूण नीट करून गेली. आजी शेवटपर्यंत वारकरीच राहिली, पण त्या सिस्टरसाठी दर वर्षी कुरडया पाठवायची.

दुसरा अनुभव लोकलमधला. एक गृहस्थ चढले, हातात पत्रिकांचा गठ्ठा. माझ्या मांडीवर एक ठेवली. त्यात लिहिलेलं की मी नरकात जाणार आहे, आणि मागे मोबाईल नंबर. मी नाव विचारलं तोवर ते पुढच्या डब्यात. ज्या माणसाला माझ्या आत्म्याची एवढी काळजी, त्याला माझं नाव ऐकायला वेळ नव्हता.

समोरून तुम्ही असे दिसता. दोन्ही.

वाडीवरची_मरी
+१. शनिपार, कुरडया आम्हालाही पाठवा, आम्हीही प्रार्थना करतो. :)

आग्या_वेताळ
गोडगोड चालू आहे. सेवा हे निमित्त, हेतू धर्मांतर. दुष्काळात तांदूळ दाखवून बाटवलं, आता आजार दाखवून. ह्याचं "प्रत्यक्षात कसं करायचं" म्हणून धागे काढायला लाज वाटत नाही?

वाडीवरची_मरी
आग्या, तुम्ही जुन्या काळातच अडकलात. आमच्या वसईला विहिरीत पाव टाकून बाटवल्याची गोष्ट सांगतात. आता पावाचा भाव बघता विहिरीत टाकणं परवडत नाही.

निवृत्त_पाळक
आग्या वेताळ, प्रश्न कडवट आहे पण खोटा नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर आमच्या भागात मंडळ्या वाढल्या. कोणी भाकरीसाठी आले असतील. पण पाऊस पडल्यावर परत का गेले नाहीत, हेही विचारा. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांच्या पोरांना पाटीवर अक्षरं गिरवायला मिळाली, कोणीतरी त्यांच्या ओट्यावर बसून पाणी प्यालं. ह्याला आमिष म्हणायचं तर म्हणा.

अॅड_विनया
कायद्यापुरतं लिहिते, कारण सुवार्ता समितीने हे माहीत करून घ्यायलाच हवं.

घटनेच्या कलम २५ मध्ये धर्म पाळणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं हे तिन्ही हक्क आहेत, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. मध्य प्रदेश आणि ओरिसाचे त्या वेळचे कायदे त्याच निकालात ग्राह्य ठरले. तेव्हा अहवालात "आत्मे मिळवले" असले शब्द लिहू नका. वाचणारा पाळकच असेल असं नाही.

आणि आमिषाबद्दल. अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे त्याचा तो दर्जा जातो. शिखांना १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला त्यात घेतलं, ख्रिस्ती अजून बाहेर. महाराष्ट्रात त्यांना ओबीसीत धरतात. म्हणजे कागदावर तरी त्याचं नुकसानच होतं. असलं आमिष कोण दाखवेल?

आग्या_वेताळ
मग कागदावर हिंदू आणि घरात क्रूस, असे कितीतरी आहेत त्याचं काय?

भीमाकाठचा
आहेत. माझेच चुलते. कागद पोटासाठी, क्रूस मनासाठी. कागदाची अट तुमच्या-आमच्या सरकारने घातली, त्यांनी नाही.

मी बौद्ध आहे. आमच्या घराण्यात एक पाती मिशनकडे गेली, दुसरी १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांबरोबर. सोयरीक अजून होते. म्हणून जरा हक्काने बोलतो: पाळकसाहेबांनी विटाळाचं लिहिलं ते खरं, पण तुमच्या मंडळीत लग्न जमवताना आजही "ते मूळचे कोण?" हे पहिलं विचारतात. प्रभुभोजन एका ताटातून घेता आणि सोयरीक आपापल्या पूर्वजातीत. सुवार्ता समितीला काम हवंय ना? आवारातूनच सुरुवात करा.

सांजवात
भीमाकाठ, वर्मावर बोट ठेवलंत. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्ममध्ये रकाना नसतो, पण फोनवर विचारतातच. मी मेळाव्याच्या टेबलावर बसते, ऐकते रोज.

कंदील
पॉपकॉर्न संपले. आता गंभीरपणे वाचतोय.

नवी_जमीन
मी सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, तुमची दगडी चर्चवाली) नाही. आमची मंडळी एका गाळ्यात भरते, खाली टायरचं दुकान आहे. तुम्ही लोक आम्हाला "हॉलवाले" म्हणता ते माहीत आहे.

माझा बाप पीत होता. गल्लीत पडायचा, आई उचलून आणायची. आमच्या गल्लीत दगडी चर्चचेही सभासद राहत होते, ते नाक धरून जायचे. एक दिवस गाळ्यातले दोघं आले. एक रिक्षा चालवतो, एक वेल्डर. वचन वगैरे काही नाही. बापाला रिक्षात घातलं, घरी आणलं, आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी परत आले. बाप शिव्या देऊन हाकलायचा, हे आपले संध्याकाळी दारात हजर. पुढे बापाला थरथर सुटली, भास व्हायला लागले. तेव्हा सरकारी दवाखान्यात भरती करून रात्री आळीपाळीने बसले. डॉक्टर आणि प्रार्थना दोन्ही झालं. कोणामुळे बरा झाला ते मला विचारू नका, बाप म्हणतो प्रभूमुळे.

सोमवारी सकाळी काय करायचं विचारलंत ना? हे.

सांजवात
मनापासून सलाम त्या दोघांना. पण नवी_जमीन, दुसरी बाजूही सांगते. आमच्या तरुण संघातली निम्मी पोरं तुमच्यासारख्या मंडळ्यांनी नेली. तुमचा "विस्तार" म्हणजे बऱ्याचदा आमचे जुने सभासद. आमच्याच एका आजीला एका हॉलवाल्या पास्टरने सांगितलं की तुमचा लहानपणीचा बाप्तिस्मा चालत नाही, परत घ्या. वयाच्या सत्तरीत बाई रडत घरी आली. ही मेंढरं चोरणं झालं. आणि "गोळ्या बंद करा, विश्वास धरा" सांगणारेही पाहिलेत.

नवी_जमीन
गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याला मीही चपलेने मारीन. पण ताई, मेंढराला घरी चारा असता तर ते कुंपण ओलांडून गेलं असतं का?

निवृत्त_पाळक
मेंढरांचं भांडण नवं नाही बरं. एकोणिसाव्या शतकात आमच्याच नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन आणि अँग्लिकनांचं एसपीजी मिशन ह्याच कारणावरून एकमेकांवर रुसले होते. १९७० ला नागपुरात सीएनआय झालं तेव्हा दोघंही एका छपराखाली आले. तुम्हा दोघांचंही होईल, शंभर वर्षं धीर धरा.

हार्मोनियमवाले_काका
सगळं वाचलं. एक राहिलं: गाणं!

आमच्या तरुण संघाने ड्रमसेट आणलाय. हिंदी-इंग्रजी गाणी, भिंतीवर प्रोजेक्टर. माझी तक्रार नाही, पोरं येतात ना, येऊ द्या. पण गावात प्रार्थनेला गेलो आणि "वर्शिप" सुरू केली की शेजारच्या बाया दार लावून घेतात. तिथेच पेटी काढून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं पद म्हटलं की त्याच बाया उंबऱ्यावर येऊन बसतात. चाल ओळखीची असते ना! अभंगाचा ठेका कोणाला शिकवावा लागत नाही.

कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तनं उभी केली ती एकोणिसाव्या शतकात. आधी नमन, मग पूर्वरंग, उत्तररंग, सगळं रीतीप्रमाणे, आख्यान मात्र बायबलातल्या उधळ्या पुत्राचं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ती वाट कुठच्या कुठे नेली. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं म्हणायचे ते. आपण तो पूल पाडून तिथे प्रोजेक्टरचा पडदा लावला.

कंदील
काका, तुम्हाला ड्रमची तक्रार नाही हे चार ओळींत छान सांगितलंत.

हार्मोनियमवाले_काका
आवाजाची आहे. ड्रमची नाही.

मस्कतकर
इथे ओमानमध्ये उपासना शुक्रवारी, कारण सुट्टी तेव्हा. सरकारने ठरवून दिलेल्या आवारातच चर्चेस, एकेका हॉलमध्ये तासातासाला वेगळी भाषा. आवाराबाहेर प्रचाराला सक्त बंदी. पत्रिका, कर्णे, हात वर करणे, काही नाही. पहिल्यांदा वाटलं, मग मंडळीने करायचं काय? नंतर कळलं, कामच काम आहे. कोणाचा पगार अडकलाय, कोणाचा पासपोर्ट मालकाकडे आहे, कोण साइटवर पडून दवाखान्यात आहे. कोणी वारलं तर कागदपत्रं करून मृतदेह गावी पाठवायचा, म्हणजे चार खेटे वकिलातीत आणि रात्री एअरपोर्टवर. मागे एका बिहारी सुताराचं असंच केलं. मंडळीतल्या कोणाच्याही ओळखीचा नव्हता. त्याचा भाऊ नंतर भेटायला आला, म्हणाला, तुम्ही लोक कोण? हा प्रश्न समोरून आला की उत्तर द्यायला बंदी नाही.

तिकडे तुम्हाला बोलायची मुभा आहे, म्हणून तुम्ही आधी बोलता.

शनिपाराजवळ
मस्कतकर, टाळ्या.

वाडीवरची_मरी
कॅथलिकांकडून दोन शब्द. आमच्याकडे वस्तीवस्तीत लहान ख्रिस्ती समूह आहेत. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी शुभवर्तमान वाचायचं, मग वस्तीतलं कोण आजारी, कोणाचं शिक्षण अडलंय ते बोलायचं. चांगलं चालतं तिथे छान चालतं, नाहीतर चहा-वेफर आणि "सून काय म्हणते?"

पण मला वसईत सुवार्ता कळली ती फादर फ्रान्सिस दिब्रिटोंमुळे. हरित वसईच्या चळवळीत उभे राहिले, गुंडांविरुद्ध बोलले, 'सुवार्ता' मासिक घराघरांत नेलं, सुबोध बायबल दिलं. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या वाडीतल्या हिंदू शेजाऱ्यांनी पेढे वाटले. २०२४ ला गेले तेव्हा वसईत कोणी धर्म बघून रडलं नाही.

नवी_जमीन
मोठा माणूस, वाद नाही. पण विहिरी वाचवल्या, झाडं वाचवली, ह्याला सुवार्ता म्हणायचं का? समाजकार्य कोणीही करतो. लोकांना फादर कळले, ख्रिस्त कळला का? नाव घ्यायलाच लाजायचं तर मग मंडळी कशाला, एनजीओ काढा.

वाडीवरची_मरी
नाव घेतच होते की. मुद्दा हा की आधी लोकांनी विचारलं, "हा माणूस आमच्यासाठी का भांडतोय?" शिवाय पाणी टँकरने उपसून नेलं असतं तर बाप्तिस्म्याला तरी कुठून आणलं असतं?

आग्या_वेताळ
दिब्रिटोंबद्दल मलाही आदर आहे. अध्यक्षपदाला विरोध झाला तेव्हा मी विरोधात लिहिलं होतं, भाषण ऐकल्यावर जरा वेगळं वाटलं. बाकी मुद्दे कायम.

कंदील
धाग्यावर चमत्कार. नोंद व्हावी.

मुळाकाठ
दोन दिवस वाचतोय फक्त. आता माझा खरा अडलेला प्रश्न टाकतो, कारण वरच्यांपैकी कोणी तो विचारलाच नाही.

आमच्याकडे शुक्रवारच्या उपवास प्रार्थनेला एक बाई येते. शेजारच्या वाडीतली, कपाळाला कुंकू, डोक्यावर पदर. दाराजवळच्या खांबाला टेकून बसते. नवरा अपघातात गेल्यावर आमच्या एका सभासदबाईंनी तिला शिवणकाम लावून दिलं, तिच्याबरोबर यायला लागली. गाणी पाठ झालीत तिला, "प्रभू" म्हणूनच प्रार्थना करते. पण बाप्तिस्मा नको म्हणते. दीर घराबाहेर काढतील, पोरांच्या नावची अर्धा एकर जाईल, आणि सासूवर तिचा जीव आहे, तिला दुखवायचं नाही. घरी खंडोबाचा टाक आहे, त्याचीही पूजा करते.

कमिटीत तीन मतं. एक म्हणतो, तिला स्पष्ट सांगा, इकडे किंवा तिकडे. दुसरा म्हणतो, येऊ देत पण पुढे बसवू नका, लोक फोटो काढतात, उद्या केस होईल. तिसरा (खजिनदार) म्हणतो, सभासद नाही म्हणजे वर्गणी नाही, मग नाताळचं भेटपाकीट तिला कोणत्या खात्यातून द्यायचं?

मी काय करू?

अॅड_विनया
कमिटीतल्या दुसऱ्या मतामागची भीती समजते, पण प्रार्थनेला येऊन बसणं हा गुन्हा नाही. ती स्वतःहून येते, कोणी काही देऊ करत नाही, एवढं स्वच्छ ठेवा. शिवणकामाचे पैसे कामाचेच असू देत, प्रार्थनेच्या हजेरीशी त्यांचा संबंध जोडू नका. आणि फोटो कोणी काढायचे नाहीत, तुमच्या तरुण संघानेसुद्धा. स्टेटसला तर अजिबात नाही.

नवी_जमीन
मला वाटतं सत्य लपवू नये. टाक आणि क्रूस दोन्ही कसं चालेल? आज नाही तर उद्या तिला निवडावं लागेलच. प्रेमाने सांगा, पण सांगा.

भीमाकाठचा
अर्धा एकर तुझी नाही म्हणून सांगणं सोपं आहे, दादा.

निवृत्त_पाळक
मुळाकाठ, मंडपाच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा आहे, आणि जुनाही.

टिळकांना १८९३ च्या सुमारास रेल्वेच्या डब्यात राजनांदगावच्या वाटेवर एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला १८९५ ला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सोबत नव्हत्या, माहेरच्यांच्या आश्रयाला होत्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० ला, आपल्या पायांनी चालत, आपल्या वेळेला. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय सगळं, हसवत आणि रडवत. मधल्या काळात कोणी त्यांना "इकडे किंवा तिकडे" म्हणून दारात अडवलं असतं तर?

त्याच टिळकांनी १९१७ ला 'देवाचा दरबार' नावाची मंडळी काढली. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. मिशनमधल्या कितीकांना ते पटलं नाही. टिळक १९१९ ला गेले आणि दरबारही फार टिकला नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न तुमच्या खांबाला टेकून बसलाय.

माझं मत विचाराल तर बाईला रजिस्टरात घालू नका, अहवालात मोजू नका, साक्ष द्यायला उभी करू नका. प्रभुभोजन हा तुमच्या पाळकांचा प्रश्न, त्यांना ठरवू द्या. तिने विचारलं तर खरं ते सांगा, टाकाबद्दलही. नाही विचारलं तर तिच्या पोरांच्या शाळेचं बघा. आणि खजिनदारांना सांगा, भेटपाकीट माझ्या नावावर टाका.

नवी_जमीन
पाळकसाहेब, आदर आहे, पण पटलं नाही. मोजू नका हे ठीक. पण "विचारलं तर" किती वर्षं? माझ्या बापाला त्या दोघांनी दवाखान्यातून सुटताना सरळ विचारलं होतं, आता पुढे काय? विचारलं म्हणून तो थांबला.

निवृत्त_पाळक
त्यांनी विचारलं ते बापाच्या उशाशी इतक्या रात्री काढल्यावर. तेवढ्या रात्री काढलेल्याने जरूर विचारावं. शिवणकाम लावून देणाऱ्या बाईंना तो हक्क आहे. कमिटीला नाही.

सांजवात
हे मी चिठ्ठीवर लिहून आमच्या कमिटीच्या फाईलला लावणार आहे.

मस्कतकर
मुळाकाठ, पुढच्या मीटिंगमध्ये काय झालं ते इथे टाका. नाहीतर आम्ही तिकडे येऊन हात वर करू.

मुळाकाठ
टाकतो. काल रात्री मीटिंग झाली, साडेअकरापर्यंत.

संजीवन सभा तीनाऐवजी एक दिवस, हे पास व्हायला दीड तास गेला. कर्णे हायवेकडे नाहीत, आवारापुरते. (मावशींना आधीच कळवलंय, त्या म्हणाल्या, एका दिवसात कसं व्हायचं?) उरलेल्या दिवशी कीर्तन, चर्चमध्ये नाही तर वस्तीतल्या मारुतीसमोरच्या पटांगणात, सरपंचांना आधी विचारून. त्यांनी होकार दिला तर.

ग्रामीण रुग्णालयात रात्री थांबायला दोघादोघांच्या जोड्या. नावं सहा आली, त्यातली चार बायकांची. पत्रिका न्यायच्या नाहीत, ह्यावर भांडण झालं. एकाने विचारलं, पत्रिका नाही तर आपण ख्रिस्ती आहोत हे कळणार कसं? आमच्या पाळकांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

खांबाजवळच्या बाईचं काहीच ठरलं नाही. "पुढच्या सभेत घेऊ" असं इतिवृत्तात. तोवर तिला कोणी काही बोलायचं नाही एवढं तोंडी झालं.

खजिनदारांनी पेटीच्या दुरुस्तीला पैसे मंजूर केले नाहीत. म्हणाले, ती तुमच्या पणजोबांची खाजगी मालमत्ता.

हार्मोनियमवाले_काका
पेटी पुण्याला घेऊन या, मी करून देतो. सूर अडकतात म्हणजे बहुतेक रीडमध्ये धूळ किंवा पट्टीखालची स्प्रिंग गेलीय. दोन्ही अर्ध्या दिवसाचं काम, पैसे नकोत. पण मृदंगाला कोण? कीर्तनाला ड्रमवाला आणलात तर मी येणार नाही, आत्ताच सांगतो.

आग्या_वेताळ
मृदंगवाला राहुरीत माझ्या मावसभावाच्या ओळखीचा आहे. हात चांगला. पण तो हरिनाम सप्त्यात वाजवतो, एकादशीला येणार नाही. तारीख बघून ठेवा.

मुळाकाठ
आग्याभाऊ, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. मानधन किती घेतो?